स्कॉट्सबरो खटला: बारा दिवसांतला बचाव

लैंगिक गुन्ह्याचा पहिला खटला हाती आला की नवा वकील आधी उलटतपासाच्या तयारीला लागतो. फिर्यादी बाई पिंजऱ्यात उभी आहे, आपण प्रश्नांची सरबत्ती करतोय आणि तिसऱ्या-चौथ्या प्रश्नाला तिची जबानी ढासळते, असं काहीतरी त्याच्या डोळ्यांसमोर असतं. अशांना मी स्कॉट्सबरो खटल्याचे कागद वाचायला सांगतो. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातला हा खटला १९३१ चा. त्यात एका डॉक्टरची साक्ष दोनदा झाली. तपासणी तीच, तपासलेल्या बायका त्याच, डॉक्टरांनी पाहिलेल्या गोष्टीही त्याच. पहिल्या वेळी त्या साक्षीनंतर आठ मुलांना मृत्युदंड झाला. दोन वर्षांनी त्याच साक्षीच्या आधारावर न्यायाधीशाने ज्यूरीचा निकाल स्वतःच रद्द केला. मधल्या काळात विज्ञान काही पुढे गेलं नव्हतं. दुसऱ्या वेळी कागद वाचायला वेळ मिळालेला वकील होता, एवढाच काय तो फरक.

घटना थोडक्यात अशी. २५ मार्च १९३१ रोजी चॅटनूगाहून मेम्फिसकडे निघालेल्या मालगाडीत कामधंद्याच्या शोधात निघालेली बरीच पोरं फुकट चढून बसली होती. मंदीचा काळ होता, अशा गाड्या रोज भरून जात. त्यात गोरेही होते आणि कृष्णवर्णीयही. एका गोऱ्या पोराचा पाय हेवूड पॅटरसनच्या हातावर पडला, त्यावरून बाचाबाची झाली, मग मारामारी झाली आणि बहुतेक गोऱ्या पोरांना गाडीतून खाली उतरवण्यात आलं. ती पोरं मागच्या स्टेशनात जाऊन तक्रार करून आली. तार पुढे गेली आणि पेंट रॉक या गावी बंदुका घेतलेल्या जमावाने गाडी अडवली. वेगवेगळ्या डब्यांतून नऊ कृष्णवर्णीय मुलं धरली गेली. सगळ्यांत लहान रॉय राइट बारा-तेरा वर्षांचा होता, मोठेही विशीच्या आतबाहेरचे. त्याच गाडीत पुरुषी कपडे घातलेल्या दोन गोऱ्या गिरणी कामगार मुली सापडल्या, व्हिक्टोरिया प्राइस आणि रुबी बेट्स. थोड्या वेळाने त्यांच्याकडून बलात्काराचा आरोप पुढे आला. मारामारीची केस क्षणात फाशीची केस झाली.

पुढच्या तारखा वकिलाच्या नजरेने वाचा. ३१ मार्चला ग्रँड ज्यूरीने, म्हणजे खटला चालवण्याइतका पुरावा आहे का हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने, आरोप ठेवले. ६ एप्रिलला स्कॉट्सबरो गावी खटला उभा राहिला. अटकेपासून मोजले तर बारा दिवस. आरोपी सगळे परराज्यातले, आईबाप तिकडेच, कुणाशी संपर्क नाही. लिहिता-वाचता येत नसलेली मुलंही त्यांत होती. त्यांना नातेवाइकांना कळवायचं आहे का, वकील लावायचा आहे का, लावता येतो का, हे विचारल्याची नोंद कागदांत नाही. कोर्टात नेणं-आणणं सैनिकांच्या पहाऱ्यात, कारण बाहेर हजारोंची गर्दी.

मग वकील कोण होता? न्यायाधीश हॉकिन्स यांनी आरोप वाचून दाखवण्यापुरती गावातल्या साऱ्याच वकील मंडळींची नेमणूक करून टाकली होती. साऱ्यांची नेमणूक म्हणजे कुणाचीच नाही, हे कुठल्याही बाररूममध्ये चहा प्यायलेला माणूस सांगेल. एखाद्याच्या नावावर काम पडलं तर त्याला रात्री झोप लागत नाही. सगळ्यांच्या नावावर पडलं तर सगळेच निवांत झोपतात.

६ एप्रिलच्या सकाळचा संवाद सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात उतरवलेला आहे आणि तो सावकाश वाचण्यासारखा आहे. चॅटनूगाहून स्टीफन रॉडी नावाचे वकील आले होते. त्यांचा धंदा मुख्यतः जमीनजुमल्याच्या व्यवहारांचा. ते उभे राहून म्हणाले की मला आरोपींनी लावलेलं नाही, या प्रकरणात लक्ष घालणाऱ्या काही लोकांनी मला सांगितलं म्हणून आलोय. इथल्या कोर्टाची रीत मला ठाऊक नाही, तयारीला वेळही मिळालेला नाही, स्थानिक वकील नेमले असतील तर मी त्यांच्याबरोबर उभा राहतो. न्यायाधीशांनी विचारलं, तुम्ही आरोपींच्या वतीने हजर आहात का? रॉडी पुन्हा तेच फिरवून सांगतात. असं बराच वेळ चालतं. शेवटी सत्तरीला टेकलेले स्थानिक वकील मायलो मूडी म्हणतात की परिस्थिती लक्षात घेता जमेल तेवढी मदत मी रॉडींना करीन. कोर्ट म्हणतं, ठीक आहे. आणि पहिला खटला सुरू होतो.

आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर वकीलपत्र दाखल न करताच एक वकील नऊ आरोपींच्या फाशीच्या खटल्यात उभा राहिला आणि कोर्टाने तसंच पुकारा करून साक्षीदार बोलावला. तहकुबी मिळाली नाही. खटला दुसऱ्या ठिकाणी हलवण्याचा अर्ज झाला तोही फेटाळला गेला. आरोपींची तीन-चार गटांत विभागणी झाली आणि प्रत्येक गटाचा खटला एकेका दिवसात उरकला. पहिल्या निकालावर बाहेर जो जल्लोष झाला तो दुसऱ्या खटल्याच्या ज्यूरीच्या कानांवर गेला. ९ एप्रिलपर्यंत आठ जणांना मृत्युदंड झालेला होता. राहिला तेरा वर्षांचा रॉय. त्याच्या वयाकडे पाहून सरकार पक्षाने जन्मठेपच मागितली होती, पण ज्यूरीतले काही जण फाशीवर अडून बसले आणि एकमत न झाल्याने त्याचा खटला निष्फळ ठरला. मागितल्यापेक्षा जास्त शिक्षा द्यायला निघालेली ज्यूरी मी तरी दुसरीकडे वाचलेली नाही.

आता एक गोष्ट अशी, जी या खटल्याबद्दल बोलताना सहसा निसटते. नऊ आरोपींना मिळून हेच दोन वकील होते. पहिल्याच खटल्यात क्लॅरेन्स नॉरिस साक्षीला उभा राहिला आणि सरकारी वकिलाच्या उलटतपासात म्हणाला की मी काही केलं नाही, बाकीच्या सगळ्यांनी केलं. आणखी एकदोघांच्याही जबान्या अशाच वाकल्या. घाबरलेली, कोठडीत दबावाखाली असलेली, एकमेकांना धड ओळखतही नसलेली पोरं. प्रत्येकाला वाटत होतं की दुसऱ्याकडे बोट दाखवलं तर आपला जीव वाचेल. अशा वेळी वकिलाने काय करायचं? नॉरिसचं म्हणणं पुढे रेटलं तर त्याच वकिलाचे बाकीचे आठ अशील बुडतात. झाकलं तर नॉरिस बुडतो. ज्या क्षणी दोन आरोपींचं म्हणणं एकमेकांच्या आड येतं त्या क्षणी वकील वेगळे व्हायला हवेत, हे धंद्यातलं प्राथमिक ज्ञान. पण म्हणणं आड येतंय हे कळायला आरोपीशी आधी बसून बोलावं लागतं. एकेकट्याशी, पोलिसांच्या कानाबाहेर, निदान दोनदा. पहिल्यांदा आरोपी जे सांगतो ते बहुतेक वेळा भीती सांगत असते. रॉडींना ही बैठक मिळालीच नाही, आणि नॉरिस काय बोलणार हे त्यांना ज्यूरीबरोबरच कळलं.

डॉ. ब्रिजेस यांच्याकडे येतो. दोन्ही मुलींना कथित घटनेनंतर साधारण दीड तासाच्या आत तपासणाऱ्या दोन डॉक्टरांपैकी हे एक. १९३१ मध्ये त्यांची साक्ष सरकार पक्षाने काढली. वीर्य सापडलं, म्हणजे संबंध आला होता, म्हणजे आरोप खरा, अशी सरळ वाट ज्यूरीला दाखवली गेली. बचाव पक्षाकडून जे काही प्रश्न गेले ते त्या वाटेवरचा खडाही हलवू शकले नाहीत. समारोपाचा युक्तिवाद तर बचावाने केलाच नाही. अलाबामाच्या सर्वोच्च न्यायालयात बहुमताने आठांपैकी सात जणांच्या शिक्षा कायम झाल्या, पण मुख्य न्यायाधीश अँडरसन यांनी वेगळं मत नोंदवून लिहिलं की बचावाची हजेरी औपचारिकच म्हणावी लागेल, आवेशाने लढल्याचं काही दिसत नाही. स्वतःच्याच राज्यातल्या वातावरणात हे लिहायला धाडस लागलं असणार.

७ नोव्हेंबर १९३२ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पॉवेल विरुद्ध अलाबामा (ओझी पॉवेल हा या नऊ जणांतलाच एक) या निकालात सात विरुद्ध दोन अशा मताने शिक्षा रद्द केल्या. निकालपत्र न्यायमूर्ती सदरलँड यांचं. या न्यायमूर्तींची ख्याती कामगारांच्या किंवा गरिबांच्या कैवाऱ्याची मुळीच नव्हती, ते पक्के पुराणमतवादी मानले जात. त्यांनी मुलं दोषी की निर्दोष यात पडणं टाळलं. त्यांनी बोट ठेवलं ते आरोप वाचून दाखवल्यापासून खटला उभा राहीपर्यंतच्या काळावर. सल्लामसलत, तपास आणि तयारी यांची गरज याच काळात सर्वाधिक असते आणि नेमका याच काळात या आरोपींना खऱ्या अर्थाने वकील नव्हता, असं त्यांनी म्हटलं. शहाणासुरता, शिकलेला माणूसही कायद्याच्या शास्त्रात अडाणीच असतो, निर्दोष असूनही आपलं निर्दोषत्व कसं मांडावं हे त्याला कळत नाही, हा त्यातला परिच्छेद तर पुढे जगभर फिरला. २०११ मध्ये मोहम्मद सुकूर अली विरुद्ध आसाम राज्य या प्रकरणात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने तोच उतारा दिला. तिथे आरोपीचा वकील गैरहजर असताना उच्च न्यायालयाने अपील निकाली काढलं होतं.

पॉवेलचा निकाल तसा अरुंद होता. मृत्युदंडाचा खटला, वकील लावण्याची ऐपत नसलेला आरोपी, स्वतःची बाजू मांडता न येणारा, एवढ्यापुरताच. बाकीच्या गंभीर गुन्ह्यांत गरीब आरोपीला राज्याने वकील द्यावा हे अमेरिकेत पक्कं व्हायला १९६३ चा गिडियन निकाल यावा लागला. पण आपल्याला इथे फेरखटल्यात रस आहे.

मार्च १९३३ मध्ये डेकाटर गावी पॅटरसनचा खटला नव्याने सुरू झाला. समोर न्यायाधीश जेम्स हॉर्टन. बचावाला न्यूयॉर्कहून सॅम्युएल लीबोविट्झ आले, फी न घेता. कम्युनिस्टांशी जोडलेल्या एका संघटनेने त्यांना बोलावलं होतं, ते स्वतः कम्युनिस्ट नव्हते. त्यांनी पहिला हल्ला चढवला तो ज्यूरीच्या याद्यांवर. पिढ्यान् पिढ्या एकही कृष्णवर्णीय ज्यूरर कसा नाही? अर्ज फेटाळला जाणार हे त्यांना माहीत असणारच. तरी साक्षीदार उभे करून त्यांनी सगळं रेकॉर्डवर आणलं. खालच्या कोर्टात हरायचं आहे हे माहीत असूनही घेतलेली हरकत म्हणजे वरच्या कोर्टासाठी पेरलेलं बी. ते उगवलं १९३५ मध्ये.

मग डॉ. ब्रिजेस. लीबोविट्झ यांनी त्यांच्याशी भांडण उकरलं नाही. डॉक्टर प्रामाणिक होते, त्यांना फक्त विचारायला हवं होतं. व्हिक्टोरिया प्राइस यांची जबानी अशी होती की सहा जणांनी एकापाठोपाठ बलात्कार केला, शेवटचा गाडी पेंट रॉकला पोचण्याच्या जरा आधी, डोक्यात बंदूक मारल्याने रक्त आलं, आणि हे सगळं अणकुचीदार खडीने भरलेल्या मालगाडीच्या उघड्या डब्यात, पाठीवर पडलेल्या अवस्थेत. डॉक्टरांना विचारलं गेलं: डोक्याला जखम होती का? नव्हती. पाठ कशी होती? थोडं खरचटलेलं, एकदोन छोटे व्रण. नाडी, श्वास? जवळजवळ नेहमीसारखे. वीर्य किती? अगदी थोडं. आणि शुक्रजंतू? हालचाल नसलेले.

हा शेवटचा मुद्दा १९३१ च्या तपासणीतलाच होता. दीड तासाच्या आत, सहा जणांनंतर, थोडंसं वीर्य आणि तेही निश्चल शुक्रजंतूंचं. याचा अर्थ संबंध आधीच्या कधीतरीचा असू शकतो. गाडीत बसण्याच्या एकदोन रात्री आधी प्राइस आणि बेट्स हंट्सव्हिल या गावी आपापल्या मित्रांबरोबर होत्या, हे त्यांतल्या एका मित्राने, लेस्टर कार्टरने, शपथेवर सांगितलं. आरोपींपैकी विली रॉबर्सनला गुप्तरोग इतका बळावलेला होता की त्याला चालायलाही काठी लागे. ओलेन माँटगोमेरीला जवळजवळ दिसतच नव्हतं. हेही १९३१ मध्ये कोणी तपासून पाहिलं असतं तर दिसलंच असतं.

इथे थोडं थांबून एक सावधगिरी नोंदवतो, कारण हा भाग वाचून तरुण वकील चुकीचा धडा घेऊन जातात. अंगावर जखमा नाहीत म्हणून बलात्कार झाला नाही, असं म्हणता येत नाही. भीतीने गोठून गेलेली स्त्री प्रतिकार करत नाही, आणि घटनेनंतर शांत दिसणं हेही कसलं लक्षण नाही. आपल्याकडची न्यायालयं हे वारंवार सांगत आली आहेत. नाडी शांत होती यावर न्यायाधीश हॉर्टन यांनी पुढे आपल्या आदेशात जो भर दिला तो आज कोणी दिला तर मला तो कच्चा युक्तिवाद वाटेल. स्कॉट्सबरोमध्ये जखमांचा अभाव महत्त्वाचा ठरला तो साक्षीदाराने स्वतः विशिष्ट जखमांचं वर्णन केलं होतं म्हणून. डोक्यावर मार, रक्त, पाठीखाली टोकदार खडी. तिच्याच शब्दांची तिच्याच शरीरावरच्या नोंदींशी तुलना होती. जिथे असं वर्णनच नाही तिथे हा मुद्दा उचलणारा वकील आरोपीचं नुकसान करतो.

लीबोविट्झ यांची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. प्राइस यांच्या उलटतपासात त्यांनी मालगाडीची छोटी प्रतिकृती कोर्टात मांडली होती, कोण कुठल्या डब्यात होतं हे दाखवायला. प्राइस यांनी ती मानायलाच नकार दिला. आपण ज्या गाडीत होतो ती खूप मोठी होती, हे तर खेळणं आहे, असं त्या म्हणाल्या. लोक हसले असतील, पण साक्षीदार म्हणून त्या जागच्या हलल्या नाहीत. मग लीबोविट्झ त्यांच्या चारित्र्यावर उतरले. पूर्वीची अटक, पुरुषांशी संबंध, सगळं बाहेर काढलं. याचा गावावर उलटा परिणाम झाला. कालपर्यंत ज्या गिरणी कामगार मुलीला गावातली सभ्य माणसं दारात उभं करत नव्हती, ती एका दुपारीत साऱ्या दक्षिणेची लेक झाली. न्यूयॉर्कचा ज्यू वकील आमच्या बाईला असं बोलतो! सरकार पक्षाच्या एका वकिलाने समारोपात न्यूयॉर्कच्या ज्यूंच्या पैशावर उघड टोमणा मारून ते बोट नेमकं त्याच जखमेवर दाबलं.

आणि रुबी बेट्स? त्या तर बचावाच्या शेवटच्या साक्षीदार म्हणून हजर झाल्या आणि बलात्कार झालाच नाही, प्राइसने सांगितलं म्हणून मी खोटं बोलले, असं शपथेवर म्हणाल्या. असा साक्षीदार मिळाला की वकिलाला वाटतं, जिंकलो. सरकारी वकिलांनी त्यांना विचारलं, हे नवे कपडे कुणी घेऊन दिले? तिथेच साक्षीची किंमत शून्य झाली. ज्यूरीने पॅटरसनला दोषी धरून मृत्युदंड दिला.

तेव्हा ज्यूरीपुढे चारित्र्याचा मुद्दा उलटला, फिरलेली साक्षीदार फुकट गेली, आणि उरला कुणालाही नाट्यमय न वाटणारा डॉक्टरचा कागद. २२ जून १९३३ रोजी न्यायाधीश हॉर्टन यांनी ज्यूरीचा निकाल रद्द करून फेरखटल्याचा आदेश दिला, तो प्रामुख्याने याच कागदावर. प्राइस यांच्या जबानीचा एकेक तुकडा घेऊन त्यांनी तो वैद्यकीय नोंदींशी आणि बाकीच्या साक्षींशी ताडून पाहिला आणि तिला पुष्टी तर मिळत नाहीच, उलट खंडन होतं, असा निष्कर्ष काढला. पुढच्या वर्षी ते निवडणुकीत हरले. तिथे न्यायाधीशही मतांनी निवडले जात.

पण याच आदेशात अशा चालीच्या बायका स्वार्थासाठी खोटे आरोप करायला प्रवृत्त असतात, या अर्थाचं एक वाक्यही आहे. या धाडसी न्यायाधीशाबद्दल आदर असूनही ते वाचताना मी दरवेळी अडखळतो. पुराव्यावर उभा असलेला आदेश त्या वाक्याशिवाय तितकाच भक्कम राहिला असता. स्त्रीच्या पूर्वायुष्यावरून तिच्या शब्दाचं मोल ठरवणं पुढे कायद्यानेच थांबवलं. अमेरिकेत मिशिगनने १९७४ मध्ये सुरुवात केली. आपल्याकडे भारतीय पुरावा कायद्यातली, फिर्यादी स्त्री सर्वसाधारणपणे अनैतिक वर्तनाची आहे हे दाखवू देणारी तरतूद २००२ मध्ये काढून टाकली गेली. २०१३ च्या दुरुस्तीने संमतीच्या प्रश्नावर तिचं चारित्र्य किंवा पूर्वीचे शरीरसंबंध गैरलागू ठरवले. आता भारतीय साक्ष अधिनियमातही तेच आहे.

मग आजच्या कायद्यात लीबोविट्झ यांना हंट्सव्हिलची रात्र काढता आली असती का? माझं मत आहे, हेतू नीट मांडला असता तर हो. सापडलेलं वीर्य आरोपींचं नसून दुसऱ्या कुणाचं आहे हे दाखवायला तो पुरावा लागत होता, आणि अमेरिकेच्या नियमात आज या हेतूला स्पष्ट मुभा आहे. आपल्याकडची बंदीही संमतीच्या प्रश्नाशी बांधलेली आहे, आणि स्कॉट्सबरोमध्ये संमतीचा प्रश्नच नव्हता. संबंध आलाच नाही, हा बचाव होता. तीच माहिती, तोच साक्षीदार. एका प्रश्नात ती वैद्यकीय नोंदीचा खुलासा होते, दुसऱ्या प्रश्नात शिवी. लीबोविट्झ यांनी दोन्ही एकाच श्वासात विचारले आणि ज्यूरीने फक्त शिवी ऐकली.

पुढचं लांबलचक आहे, झटपट सांगतो. नवे न्यायाधीश कॅलहन आले, पॅटरसन आणि नॉरिस पुन्हा दोषी, पुन्हा मृत्युदंड. १ एप्रिल १९३५ रोजी नॉरिस विरुद्ध अलाबामा निकालात सर्वोच्च न्यायालयाने ज्यूरीच्या याद्यांतून कृष्णवर्णीयांना पद्धतशीर वगळल्याबद्दल शिक्षा उलटवली. यादीत नंतर घुसडलेली कृष्णवर्णीयांची नावं न्यायमूर्तींनी भिंगातून पाहिली. तरी पुन्हा खटले झाले. १९३७ मध्ये सरकार पक्षाने रॉय राइट, यूजीन विल्यम्स, माँटगोमेरी आणि रॉबर्सन यांच्यावरचे आरोप सोडून दिले. त्याच घटनेच्या, त्याच फिर्यादीच्या जोरावर नॉरिसला मृत्युदंड आणि अँडी राइटला ९९ वर्षं! पॅटरसन आणि चार्ली वीम्स यांना प्रत्येकी ७५. ओझी पॉवेल याच्यावरचा बलात्काराचा आरोप मागे घेऊन त्याला पोलिसावरच्या हल्ल्यासाठी २० वर्षं दिली. नॉरिसची फाशी गव्हर्नरने जन्मठेपेवर आणली. त्याला माफी मिळाली ती १९७६ मध्ये. पॅटरसन, वीम्स आणि अँडी राइट यांना २०१३ मध्ये, तिघंही जाऊन कित्येक वर्षं उलटल्यावर.

हे सगळं लांबच्या देशातलं आणि जुनं म्हणून बाजूला ठेवता आलं असतं. पण २०१३ मध्ये मध्य प्रदेशातल्या खंडव्यात एका लहान मुलीवरील अत्याचार आणि खुनाचा खटला चालला. ज्या दिवशी आरोपीला विधिसाहाय्यातून, म्हणजे सरकारी खर्चाने, वकील मिळाला त्याच दिवशी त्याच्यावर दोषारोप ठेवले गेले. पंधरवड्याच्या आत खटला संपला आणि फाशी झाली. उच्च न्यायालयाने ती कायम केली. डिसेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल रद्द करून खटला परत पाठवला. जन्मठेप किंवा मृत्युदंड होऊ शकेल अशा खटल्यात विधिसाहाय्याचा वकील किमान दहा वर्षांच्या वकिलीचा असावा, आणि त्याला तयारीसाठी साधारणपणे किमान सात दिवस मिळावेत, असं सांगितलं. आरोपीला भेटून बोलण्याची त्याला मुभा असावी, हेही. फेरखटल्यात पुन्हा फाशी झाली, उच्च न्यायालयाने डीएनए तज्ज्ञाची साक्ष झाली नाही म्हणून पुन्हा परत पाठवलं, आणि २०२४ मध्ये तो माणूस निर्दोष सुटला. अकरा वर्षं गेली. मुलीच्या घरच्यांचीही तेवढीच गेली, कारण खरा गुन्हेगार कोण हा प्रश्न तेवढी वर्षं बंद फाइलीत पडून होता.

सात दिवस कमी की पुरेसे, यावर वकिलांत वाद होतो. माझ्या मते आकड्यावर भांडण्यात अर्थ नाही. स्कॉट्सबरोत बारा दिवस होते. त्या बारांतला एकही दिवस कुणा एका वकिलाचा नव्हता. सात दिवस नेमलेल्या वकिलाचे असतील तर त्यात पुष्कळ होतं. आरोपीला दोनदा भेटता येतं. दुसऱ्या आरोपीशी त्याचं म्हणणं जुळतं का हे कळतं, नसेल जुळत तर वेगळ्या वकिलाचा अर्ज करता येतो. आणि वैद्यकीय अहवाल शांतपणे वाचता येतो. मी तो उघडला की आधी मत किंवा निष्कर्षाचा रकाना पाहत नाही. तपासणीला सुरुवात किती वाजता झाली तो आकडा पाहतो, मग फिर्यादीतली घटनेची वेळ, आणि दोन्ही वेळा कोऱ्या कागदावर एकाखाली एक लिहितो. त्याखाली फिर्यादीत सांगितलेली प्रत्येक जखम एका बाजूला, अहवालातली दुसऱ्या बाजूला. बऱ्याचदा सगळं जुळतं, आणि मग अशिलाला तसं स्पष्ट सांगावं लागतं. तेही त्या सात दिवसांतलंच काम आहे.